खेळलेखन (संगणकीय)

संगणकीय खेळातील कथानक, संवाद, पर्याय व सूचना रचण्याचा लेखनप्रकार.

विल क्राउदर या अमेरिकन प्रोग्रामरने सुरू केलेला आणि डॉन वुड्सने १९७७ मध्ये वाढवलेला ‘कलॉसल केव्ह ॲडव्हेंचर’ हा निव्वळ मजकुरावर चालणारा खेळ या प्रकाराचा आरंभ मानला जातो. पुढे इन्फोकॉमच्या ‘झॉर्क’ने तो घरोघरी नेला (पहा : संवादी साहित्य). ख्रिस क्लायमसच्या ‘ट्वाइन’ या लेखनसाधनामुळे (२००९) प्रोग्रामिंग न येणाऱ्या लेखकांनाही वाट मोकळी झाली.

येथे पुढचे पाऊल खेळाडू टाकतो. लेखकाला प्रत्येक पावलाची तजवीज करावी लागते. प्रत्येक वळणावर दोन पर्याय ठेवून सारे फाटे स्वतंत्र वाढवले, तर दहा वळणांनंतर १,०२४ शेवट लिहावे लागतील. म्हणून फाटे पुन्हा मुख्य ओघात आणतात; पण आधीची निवड पुढच्या संवादात उमटलीच पाहिजे, नाहीतर खेळाडूला ती फसवणूक वाटते. ‘इंक’ या लेखनप्रणालीत ओळीआधी तारांकन दिले की पर्याय एकदाच वापरता येतो, अधिक चिन्ह दिले की पुन्हा पुन्हा. मेग जयंत यांनी लिहिलेल्या ‘एटी डेज’मध्ये (२०१४) खेळाडू झ्यूल व्हर्नच्या कादंबरीतील प्रवासी फॉगचा सेवक पासपार्टू होतो आणि प्रवासाचा मार्ग स्वतः निवडतो (पहा : व्हर्न, झ्यूल). लढाईत वारंवार ऐकू येणारी वाक्ये आखूड हवीत व त्यांचे अनेक पर्याय हवेत. मराठीत क्रियापद लिंगानुसार बदलत असल्याने खेळाडूला उद्देशून लिहिलेल्या अनेक वाक्यांची दोन रूपे तयार ठेवावी लागतात.

२०१८ च्या नेब्युला पुरस्कारांपासून खेळलेखनाला स्वतंत्र विभाग मिळाला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा, भारतीय पुराणकथांवर आधारलेला ‘राजी’ २०२० मध्ये प्रसिद्ध झाला.