आखाजी, माहेर आणि सिनेमा

आखाजीला आपण माहेरी येतो, झोके बांधतो. खापरच्या उन्हातली ही आपली हक्काची सुटी. सिनेमाचाही हाच हंगाम. आज त्याच्या गोष्टी ऐकू.

दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईत लागला. त्यातली राणी तारामती म्हणजे अण्णा साळुंके, एक पुरुष! सिनेमात काम करणं बदनामीचं समजत, म्हणून बाई मिळेना. पुढच्याच 'मोहिनी भस्मासुर' सिनेमात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या मायलेकींनी काम केलं आणि आपल्यासाठी वाट पाडली.

पुढे पिकं निघाली, हातात चार पैसे आले की जत्रेत तंबूतला सिनेमा येई. देवादिकांच्या कथा, तमाशाच्या कथा. पुष्कळ तंबूंत बाया एकीकडे, पुरुष दुसरीकडे. १९९१ साली 'माहेरची साडी' आला. सासरचा छळ सोसणाऱ्या अलका कुबलसाठी गावोगावच्या बायांनी पदर ओले केले.

मग २९ एप्रिल २०१६ ला नागराज मंजुळे यांचा 'सैराट' आला. त्यातली आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, जोडीदार स्वतः निवडते. शेवटी माहेरची भेट घेऊन आलेली माणसंच दोघांचा जीव घेतात.

आता उन्हाळ्यात मुलं मोबाईलवर जग वाचवणारे, उडणारे वीर पाहतात. पाहू द्या. पण आपण गटाच्या बैठकीत एवढं बोलू या: आर्चीसाठी आपण रडलो. उद्या आपल्या लेकीने मनातलं नाव सांगितलं, तर तिच्यासाठी माहेरचं दार उघडं राहील ना?