१,३०० वर्षे अंधारात, ३५ वर्षे माणसांच्या हाती

१/ जपानमधील नारा प्रांतात आसुका नावाचे गाव आहे. १९६२ च्या सुमारास तेथील एका गावकऱ्याने आले साठवण्यासाठी टेकाडावर खड्डा खणला आणि त्याला घडीव दगड लागला. मार्च १९७२ मध्ये त्या टेकाडाचे रीतसर उत्खनन झाले आणि सुमारे १,३०० वर्षांपूर्वीचा एक दफनकक्ष समोर आला. टेकाडाचे नाव ताकामात्सुझुका. ही साखळी त्या कक्षातील भित्तिचित्रांची आणि ती जपू पाहणाऱ्यांच्या हातून झालेल्या हानीची.

२/ कक्ष अगदी लहान. लांबी सुमारे २.६५ मीटर, रुंदी आणि उंची १ मीटरहून थोडीशीच अधिक. आत माणसाला ताठ उभेही राहता येत नाही. ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या मऊ दगडाच्या शिळा आणि त्यांवर काही मिलिमीटर जाडीचा चुन्याचा गिलावा. पूर्वेस निळा ड्रॅगन व सूर्य, पश्चिमेस पांढरा वाघ व चंद्र, उत्तरेस सर्पाने वेढलेले कासव. दोन्ही बाजूंस मिळून १६ स्त्रीपुरुष. छतावर सोन्याच्या वर्खाचे तारे. दक्षिणेस लाल पक्षी असावा. परंतु मध्ययुगात चोरांनी नेमकी तीच भिंत फोडली होती.

३/ रंगीत वस्त्रांतील त्या स्त्रियांनी साऱ्या जपानला वेड लावले. १९७३ मध्ये या चित्रांची टपाल तिकिटे निघाली. त्यांच्या किमतीत थोडी अधिक रक्कम धरली होती. ती चित्रांच्या जतनासाठी होती. १९७४ मध्ये चित्रांना ‘राष्ट्रीय ठेवा’ हा दर्जा मिळाला. म्हणजे पैसा, आस्था, सरकारी पाठबळ यांपैकी कशाचीही वाण नव्हती. ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

४/ मग चित्रे इतकी शतके टिकली कशी? कक्षात अंधार होता, हवा दमट होती, तापमान ऋतूंनुसार अगदी हळूहळू बदलत असे. मातीत सूक्ष्मजीव होतेच; पण त्यांना खाद्य तुटपुंजे होते आणि परिस्थिती स्थिर होती. चित्रांचे खरे रक्षण हा समतोल करीत होता. दार उघडताच तो ढळला.

५/ चित्रे जागच्या जागीच जपावी, असे ठरले. १९७६ मध्ये कक्षाच्या तोंडाशी हवा नियंत्रित करणारी इमारत उभी राहिली. सुटू पाहणारा गिलावा कृत्रिम राळेने पक्का करण्यासाठी तज्ज्ञ आत जाऊ लागले. पण माणूस आत गेला की त्याच्या अंगाची ऊब, श्वास आणि कपड्यांवरचे बुरशीचे बीजाणूही आत जातात. १९८० च्या सुमारास बुरशी मोठ्या प्रमाणात फोफावली. तिच्यावर रासायनिक धुरी व अल्कोहोल यांचा मारा झाला आणि ती काही वर्षे दबली.

६/ २००१ मध्ये कक्ष आणि इमारत यांच्या मधल्या जागेत दुरुस्ती झाली. तेथे निर्जंतुकीकरणाची पुरेशी दक्षता घेतली गेली नाही. त्यानंतर बुरशीने पुन्हा उचल खाल्ली आणि काळे डाग पडले. २००२ मध्ये काम करताना एका चित्रभिंतीला इजा झाली. ती गोष्ट लोकांना कळली थेट २००६ मध्ये. दरम्यान २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या छायाचित्रांतून सर्वांना दिसले, की पांढऱ्या वाघाच्या रेषा पुसट झाल्या आहेत.

७/ बुरशी डोळ्यांना दिसत होती. तिच्या सोबतीला जिवाणूही होते. भिंतींवर त्यांचे चिकट थर साचले होते. जवळच्याच किटोरा थडग्यातून वेगळ्या काढलेल्या जिवाणूंत शिरका तयार करणाऱ्या कुळातील दोन नव्या प्रजाती निघाल्या. २०१२ मध्ये त्यांचे शास्त्रीय नामकरण झाले. एकीला आसुका गावाचेच नाव मिळाले.

८/ शिरक्याशी चित्रांचा काय संबंध? आपल्याकडे शहाबादी फरशीवर लिंबू सांडले की चकाकी जाऊन पांढुरका डाग पडतो, कारण तो दगड चुनखडीचा असतो आणि आम्ल चुनखडीला विरघळवते. चित्रांखालचा गिलावाही चुन्याचाच! आणि हे जिवाणू अल्कोहोलपासून आम्ल बनवतात. बुरशी मारण्यासाठी भिंतींवर जे वापरले, त्याचा उरलासुरला अंश अशा सूक्ष्मजीवांना खाद्य ठरू शकतो, असे पुढील अभ्यासांत दिसून आले. औषधच रोगाला पोसत होते.

९/ अखेर २००७ मध्ये कक्षाची शिळा न् शिळा सुटी करून बाहेर काढण्यात आली. चित्रांवरील स्वच्छतेचे व दुरुस्तीचे काम मार्च २०२० पर्यंत चालले. जवळच्या किटोरा थडग्यातील चित्रांचा शोध १९८३ मध्ये नळीतून आत सोडलेल्या कॅमेऱ्याने लागला. तेथेही सूक्ष्मजीवांनी गिलावा पोखरला आणि २००४ पासून चित्रे भिंतींवरून उतरवून घ्यावी लागली.

१०/ चित्रे वाचली, पण ज्या मृतासाठी ती रंगवली होती त्याचे घर मोडले. आज आसुकात हिरवे टेकाड आहे. त्याच्या पोटात चित्रे नाहीत. यात कोणी खलनायक नव्हता. घाई होती, अपुरे ज्ञान होते, आणि चूक झाल्यावर ती वेळीच सांगण्याचा संकोच होता. यातला तिसरा दोष मात्र टाळता आला असता.

११/ चीनमधील सम्राट छिन शी हुआंग याचे मुख्य थडगे अजून का उघडत नाहीत, असे अनेकांना वाटते. ताकामात्सुझुका हे त्याचे एक उत्तर आहे. थडगे एकदाच उघडता येते. ते उघडण्याआधी आतील हवेचे, पाण्याचे आणि अदृश्य जिवांचे काय होणार, हे ठाऊक नसेल, तर थांबणे हेही इतिहासाचे कामच आहे.