अवयवांचा वाटा

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात वारसाहक्काचा विचार आहे. त्यातील २०१ व्या श्लोकात वडिलार्जित मालमत्तेत वाटा न मिळणाऱ्यांची यादी दिली आहे. नपुंसक, पतित, जन्मांध, बहिरा, वेडा, जड बुद्धीचा, मुका आणि शेवटी ‘निरिंद्रिय’, म्हणजे एखादे इंद्रिय उणे असलेला कोणीही. पुढचाच श्लोक सांगतो की, अशांना अन्नवस्त्र मात्र द्यावे. या दोन श्लोकांत एका संपूर्ण व्यवस्थेचे सूत्र आहे. हक्क नाही, दया आहे. वाटा नाही, भाकरतुकडा आहे. जातीबाहेर टाकलेला ‘पतित’ आणि शरीराने उणा ठरवलेला माणूस या शास्त्रकाराने एकाच पंगतीत बसवले, हेही आपण विसरता कामा नये.

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली. पुढच्याच वर्षी, १९२८ साली, ब्रिटिश सरकारने हिंदू वारशातील अपात्रता दूर करणारा कायदा केला. रोग, व्यंग किंवा शारीरिक-मानसिक दोष एवढ्याच कारणाने कोणाचा वाटा नाकारता येणार नाही, असे त्याने ठरवले. पण जन्मापासून वेडा वा जड बुद्धीचा असलेल्याला त्याने बाहेरच ठेवले. तो दरवाजा उघडायला १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा यावा लागला. ज्या हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी जिवाचे रान केले आणि १९५१ साली मंत्रिपद सोडले, त्याच्याच तुकड्यांपैकी हा एक. त्याच्या २८ व्या कलमाने व्यंगाची अपात्रता मुळातून काढली.

शेत आणि घर यांच्या वाटपाचा प्रश्न कागदावर सुटला. पण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाटपासाठी एक नवीच वस्तू समाजापुढे आली. ती म्हणजे माणसाचा अवयव. या वाटपात अपंगाचा वाटा किती, हा प्रश्न आपल्याकडे अजून नीट विचारलाही गेलेला नाही. तो मला येथे विचारावयाचा आहे.

मुंबई इलाख्याने मेलेल्या शरीराविषयी कायदे लवकर केले. १९४९ च्या शरीरशास्त्र कायद्याने बेवारस प्रेते वैद्यकीय महाविद्यालयांना विच्छेदनासाठी देण्याची सोय केली. बेवारस कोण असतो? फुटपाथवर मरतो तो, गाव सोडून पोटासाठी शहरात आलेला तो. डॉक्टर ज्या शरीरांवर शिकले, ती बहुतेक गरिबांची होती. १९५७ साली नेत्रपटल रोपणाचा कायदा आला. आंधळ्याला दृष्टी देण्यासाठी मृताचे डोळे वापरण्याची वाट त्याने मोकळी केली. म्हणजे प्रत्यारोपणाचा आपल्याकडचा पहिला कायदा अपंगालाच घेणारा मानून झाला होता. पुढे ही दृष्टी हरवली.

१९६५ साली परळच्या केईएम रुग्णालयात मूत्रपिंड रोपणाचा देशातला पहिला प्रयत्न झाला. शरीराने परका अवयव नाकारू नये यासाठीची औषधे १९८० च्या दशकात सुधारली, आणि त्याबरोबर मुंबईत मूत्रपिंडांचा बाजार उभा राहिला. विकणारा कर्जबाजारी, विकत घेणारा पैसेवाला. काही तर आखाती देशांतून येणारे. अवयव खालून वर चढत होते. वरून खाली काही येत नव्हते.

या बाजाराला आळा घालण्यासाठी महाराष्ट्र, गोवा व हिमाचल प्रदेश यांच्या विधिमंडळांनी ठराव केले आणि संसदेने १९९४ साली मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा संमत केला. महाराष्ट्रात तो ४ फेब्रुवारी १९९५ पासून लागू झाला. त्याच १९९४ च्या फेब्रुवारीत पुणे जिल्ह्यातील शिरूरच्या सरकारी वसतिगृहातील मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. मुलींना पाळीची स्वच्छता राखता येत नाही, हे कारण सांगितले गेले. स्त्री संघटनांनी आवाज उठवल्यावर पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. पालक सरकार, सुरी सरकारची आणि मुलीला विचारण्याची गरज कोणालाच वाटलेली नाही. अपंगाचे शरीर हे दुसऱ्याच्या सोयीने कापता येते, असे मानणारी ही दृष्टी होती.

म्हणून २०११ च्या दुरुस्तीने अवयव कायद्याच्या नवव्या कलमात जी भर घातली, तिचे महत्त्व मी कमी लेखणार नाही. मानसिक आजार असलेल्या वा मतिमंद व्यक्तीच्या शरीरातून, ती जिवंत असताना, रोपणासाठी अवयव वा ऊती काढता येणार नाहीत, असे तेथे स्वच्छ म्हटले आहे. ही तरतूद हवीच होती. २०१४ च्या नियमांनी दात्री स्त्री असेल तर तिची स्वतंत्र संमती अधिक काळजीने तपासावी असेही सांगितले, तेही योग्यच.

पण आता याच कायद्याची दुसरी बाजू पाहू. तो आरंभापासून अखेरपर्यंत वाचला तर मतिमंद माणूस त्यात देणारा म्हणून भेटतो. घेणारा म्हणून तो कोठेच भेटत नाही. त्याचे मूत्रपिंड निकामी झाले तर व्यंगाच्या कारणावरून त्याला रोपण नाकारू नये, असे एक वाक्य या कायद्यात नाही. त्याचे काही घेऊ नये, एवढी दया आहे. त्याला काही मिळावे, असा हक्क नाही. मनूच्या दोन श्लोकांपासून आपण फार दूर आलेलो नाही.

हे कागदावरचे मौन माणसावर कसे कोसळते, ते मी घाटकोपरच्या पूर्वेला पाहिले आहे. मी शिक्षक. वस्तीतल्या डायलिसिसवरच्या रुग्णांचे योजनांचे कागद भरून देणे हे माझे शाळेनंतरचे काम. एका मतिमंद तरुणाला घेऊन मी त्याच्या आईबरोबर एका मोठ्या इस्पितळात गेलो होतो. डॉक्टरांनी कागद चाळले आणि म्हणाले, “बाई, रोपणानंतर जन्मभर वेळेवर गोळ्या घ्याव्या लागतात. याला ते कळणार का?” त्या माउलीने उत्तर दिले, “साहेब, सव्वीस वर्षं त्याच्या तोंडात घास मीच घालतेय. गोळी काय त्याच्या हाताला येणार हाय?” डॉक्टरांनी मान हलवली. बाहेर येताना आमच्या हातात नकाराचा एक कपटासुद्धा नव्हता.

या ‘कपटा नसण्या’तच सगळे आहे. मेंदूमृत दात्याचा अवयव कोणाला द्यायचा ते मुंबईत विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या प्रतीक्षायादीवरून ठरते. हे केंद्र २००० सालापासून आहे. यादीत मात्र रुग्णाला स्वतः नाव घालता येत नाही; ते मान्यताप्राप्त इस्पितळच नोंदवते. म्हणजे यादीचा न्याय यादीच्या आत सुरू होतो. दारावर कोणाला अडवले याची नोंद कोठेच होत नाही. कायद्याच्या १७ व्या कलमात अपील आहे, पण ते प्राधिकार समितीने अर्ज फेटाळला तर, तीस दिवसांच्या आत. डॉक्टरने तोंडी ‘जमणार नाही’ म्हटले, तर अपील कशाविरुद्ध करायचे?

वैद्यकीय कारणे खरी असू शकतात, हे मी मान्य करतो. हृदय कमकुवत असेल, जंतुसंसर्ग बळावला असेल, भूल सोसणार नसेल, तर डॉक्टरने नाही म्हणावे. तसे ते कोणालाही म्हणतील. पण ‘सांभाळणार कोण’, ‘याच्या जगण्याला अर्थ काय’ ही वैद्यकीय कारणे नव्हेत. हा समाजाचा पूर्वग्रह आहे, त्याने फक्त डॉक्टरचा पांढरा कोट घातला आहे. हाच प्रश्न झोपडीतल्या धडधाकट माणसालाही विचारला जातो: नळ घरात आहे का, धूळ किती, औषधाचा महिन्याचा खर्च कोण करणार? अपंग आणि दलित पुन्हा एका पंगतीत बसतात ते असे. आधार नाही म्हणून अपात्र, आणि आधार देण्याची जबाबदारी कोणाचीच नाही.

उपनगरांत हे अधिक बोचते. ३ ऑगस्ट २०१५ रोजी पुण्याहून विमानाने आणलेले हृदय मुलुंडच्या खाजगी इस्पितळात एका तरुणाला बसवले गेले. त्यासाठी रस्ते मोकळे करण्यात आले. विज्ञानाचा हा विजयच होता. पुढच्याच वर्षी, २०१६ साली, पवईतील एका इस्पितळात गरीब स्त्रीला रुग्णाची पत्नी म्हणून दाखवून मूत्रपिंड घेण्याचा डाव उघडकीस आला आणि डॉक्टरांसह अनेकांना अटक झाली. रोपण करणारी जुनी सार्वजनिक रुग्णालये परळ, शीव, भायखळ्याकडे. अंधेरी-मुलुंडकडे हे काम मुख्यतः खाजगी आणि धर्मादाय इस्पितळांत. धर्मादाय इस्पितळांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बलांसाठी सवलतीत ठेवाव्यात, अशी योजना उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून आहे. महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाच्या राज्याच्या आरोग्य योजनेत मूत्रपिंड रोपणासाठीची मदत अडीच लाखांवरून साडेचार लाखांवर गेली. पण पैशाची सोय झाली तरी दार उघडतेच असे नाही.

अपंगांच्या बाजूने कायदा अगदीच रिकामा आहे, असेही नाही. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात शिक्षण आणि नोकरी होती. उपचार नाकारण्याविषयी तो गप्प होता. २००७ साली भारताने संयुक्त राष्ट्रांचा अपंग हक्क करार स्वीकारला. त्याचे २५ वे कलम अपंगत्वावरून आरोग्यसेवा नाकारण्यास मनाई करते. त्या करारातून आलेला २०१६ चा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याचे तिसरे कलम भेदभाव रोखते आणि पंचविसावे सरकार व स्थानिक संस्थांवर उपचारात प्राधान्य देण्याची जबाबदारी टाकते. थॅलेसेमिया आणि आपल्या विदर्भातील दलित-आदिवासींना ग्रासणारा सिकलसेल हे आजारही त्याने अपंगत्वात धरले. बोरिवली पूर्वेला महापालिकेचे अस्थिमज्जा रोपण केंद्र थॅलेसेमियाच्या मुलांवर उपचार करते. कायद्याने अपंग ठरलेले मूल सार्वजनिक पैशातून रोपणाचे हक्कदार होऊ शकते, हे तेथे रोज सिद्ध होते. मग मतिमंद मुलाच्या मूत्रपिंडाबाबतच शंका का?

२०२३ साली केंद्र सरकारने प्रतीक्षायादीत नाव घालण्याची ६५ वर्षांची वयोमर्यादा आणि अधिवासाची अट काढली. म्हणजे बंधन चुकीचे आहे असे पटले की, ते काढता येते. अमेरिकेत १९९५ साली सँड्रा जेन्सन या डाउन सिंड्रोम असलेल्या बाईला दोन इस्पितळांनी हृदय-फुप्फुस रोपण नाकारले. चळवळ झाली, जानेवारी १९९६ मध्ये त्यांतल्याच एकाने शस्त्रक्रिया केली, आणि त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने असा नकार बेकायदा ठरवला. त्या १९९७ साली वारल्या, पण कायदा राहिला. पुढे तीसहून अधिक राज्यांनी तसे कायदे केले.

आपल्याकडे कायद्याऐवजी आधी नाव मिळाले. २०१५ पासून अपंगांना ‘दिव्यांग’ म्हणण्याचा आग्रह सुरू झाला. आपल्याला हा अनुभव जुना आहे. आपल्यालाही कोणी देवाची माणसे केले होते, आणि १९३८ साली त्या ‘हरिजन’ नावाविरुद्ध बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह मुंबईच्या कायदेमंडळातून उठून गेले होते. ज्याला वाटा द्यायचा नसतो त्याला देवत्व देणे स्वस्त पडते.

मागण्या साध्या आहेत. रोपणाला नकार द्यायचा तर तो कारणांसह लेखी द्या. व्यंग हे एकटे कारण चालणार नाही, असे अवयव कायद्याच्या नियमांतच लिहा. यादीत नाव न घालण्याविरुद्ध अपील द्या. सांभाळणारा नसेल तर तो पुरवणे हा उपचाराचाच भाग माना. या गोष्टी होईपर्यंत कार्यकर्त्यांनी थांबू नये. इस्पितळात रुग्णाबरोबर जाल तेव्हा नकार लेखी मागा. नाही दिला तर मागणीचे पत्र आवक शिक्का मारून घ्या आणि त्याची प्रत राज्याच्या अपंग आयुक्तांकडे पाठवा. शंभर वस्त्यांतून असे शंभर कागद जमले की, आजवर कोठेच नोंद नसलेला हा अन्याय इतिहासात नोंदला जाईल. आणि ज्याची नोंद होते, त्याचाच पुढे कायदा होतो.