पावतीवरचे तिकीट

दिवाळीची झाडलोट म्हणजे घराच्या इतिहासाची वार्षिक तपासणीच. यंदा माळ्यावरची ट्रंक खाली काढली, तेव्हा तळाशी लाल फडक्यात बांधलेले जुने कागद निघाले. हळदीचे हिशेब, खरेदीचे कागद, मोडीतल्या पावत्या. आमचे वसमत तेव्हा निजामाच्या राज्यात होते. म्हणून कागदांवर फसली सन. त्यात साधारणपणे 590 मिळवले की इसवी सन हाती येतो.

त्यात एक पावती अशी होती, की तिच्यासाठी आमची दोन घरे तीन पिढ्या एकमेकांच्या पंगतीला बसलेली नाहीत. पणजोबांनी धाकट्या भावाच्या वाट्याचे शेत घेतले आणि पैसे पोचते केले, असा तिचा मजकूर. साल फसली 1318, म्हणजे 1908-09. खाली भावाची मोडी सही, अर्धी तिकिटावर, अर्धी कागदावर. चुलत घराचे म्हणणे मात्र एकच, "पैसा दिलाच नाही."

मला तिकिटांचा नाद आहे. वर्गातली मुले हसतात, पण ह्या चिमुकल्या कागदात पाहण्यासारखे पुष्कळ असते. प्रथम छपाई पाहावी. खोदीव ठशाच्या तिकिटावर शाई किंचित उंच, बोटाला जाणवेल अशी असते, शिळाछापाची सपाट. मग तिकीट उजेडासमोर धरावे. इंग्रजी मुलखातली पंचम जॉर्जची तिकिटे लंडनहून छापून येत, तेव्हा त्यांच्या कागदात एकेक तारा दिसे; 1926 पासून नाशिकला छापलेल्या तिकिटांत ताऱ्यांचे जाळे दिसते. चित्र तेच, पण कागद आपले गाव सांगून जातो.

निजामाच्या तिकिटांची कथा अधिक रंजक आहे. तेथे पहिले टपाल तिकीट 1869 साली निघाले. त्यानंतर लौकरच अर्ध्या आण्याचे आणि दोन आण्यांचे तिकीट स्थानिक कारागिरांनी हाताने कोरले. प्रत्येक किमतीच्या 240 आकृत्या वेगवेगळ्या कोरल्यामुळे एकीसारखी दुसरी नाही! पुढे 1915 साली, मीर उस्मान अलीखानाच्या कारकिर्दीत, हिरवे अर्ध्या आण्याचे आणि तांबडे एक आण्याचे तिकीट निघाले. त्यांवर इंग्रजीत 'पोस्ट अँड रिसीट' अशी अक्षरे होती. तेच तिकीट पत्रालाही चाले आणि पावतीलाही. त्याआधीच्या टपाल तिकिटांवर हा 'रिसीट' शब्द नव्हता.

वाचकांनी ओळखलेच असेल. आमच्या पावतीवर तांबडा एक आणा होता, आणि भिंगाखाली 'रिसीट' हा शब्द लख्ख दिसत होता. 1908-09 च्या पावतीवर 1915 चे तिकीट!

तिकीट मागाहून चिकटवले असेल, अशी मी मनाची समजूत घालून पाहिली. पण सहीची रेघ तिकिटावरून सरळ कागदावर उतरली होती, कोठे तुटलेली नव्हती. तेच तिकीट पुन्हा वापरता येऊ नये म्हणून सही अशी आरपार करतात. येथे तीच साक्षीला उभी राहिली. म्हणजे सही झाली तेव्हा तिकीट तेथेच होते. आणि चुलत घरच्या वहीत त्या भावाच्या मृत्यूची नोंद फसली 1321 ची आहे, म्हणजे तिकीट निघण्याच्या तीन-चार वर्षे आधीची.

सही त्यांची नव्हती. त्या रात्री मी पणत्या लावल्या खऱ्या, पण हात जड झाले होते. त्या शेताच्या उत्पन्नावर आमचे शिक्षण झालेले.

पाडव्याला फराळाचे ताट आणि ती पावती घेऊन चुलत घरी गेलो. आबांचे वय ऐंशीच्या पुढे. त्यांना भिंग दिले, सगळे समजावून सांगितले आणि म्हणालो, "आबा, आमचा कागद खोटा आहे."

त्यांनी पावती बराच वेळ न्याहाळली. मग ती घडी करून माझ्याच हातात दिली. म्हणाले, "शेताचं पुढं बसून बोलू. माझ्या आजाला कुणी खोटं म्हणायचं नाही आता, एवढं झालं. बस, चकली घे."

ती पावती आता लाल फडक्यात नाही. दोन्ही घरच्या मुलांना पाहता यावी म्हणून काचेखाली ठेवली आहे.