डाव्या हाताचा मोजा

नवापूर परिसरातला भिल्ल तीरकामठा उचलतो तेव्हा त्याच्या बोटांवर काहीही नसतं. कातडं नाही, कडी नाही, पट्टी नाही. बंदूक चालवताना हातमोजे घालावेत की नाही, यावर आज नेमबाज तावातावाने बोलतात. पण हा वाद बंदुकीच्या कितीतरी आधीचा आहे. आधी तो धनुष्याच्या दोरीवरून होता आणि त्यात भिल्लांची बाजू अगदी वेगळी होती.

दुसरी बाजू ग्रंथांत नोंदलेली आहे. ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलातलं 75वं सूक्त सगळं युद्धसाहित्याचं आहे. चिलखत, धनुष्य, दोरी, भाता, रथ असं एकेकाचं कौतुक करत कवी हस्तघ्नापाशी येतो. हस्तघ्न म्हणजे धनुष्य धरलेल्या हाताला गुंडाळायचं वेष्टन. बाण सुटल्यावर दोरी परत येते आणि हाताच्या आतल्या बाजूवर सपकन बसते. तो फटका हे वेष्टन झेलतं. कवीला ते हाताला वेढा घालून बसलेल्या सापासारखं दिसलं. म्हणजे आपल्याकडचा नेमबाजीचा पहिला मोजा बोटांसाठी नव्हताच. तो हत्यार पेलणाऱ्या हातासाठी होता.

बोटांची सोय रामायण-महाभारतात दिसते. बालकांडात विश्वामित्रामागे निघालेले राम-लक्ष्मण गोधा आणि अंगुलित्राण बांधून चाललेले आहेत. महाभारतातले योद्धेही तसेच सजतात. अंगुलित्राण बोटांसाठी, गोधा हातासाठी. गोधा म्हणजे घोरपड. तिच्या चिवट, खवलेदार कातड्याचं वेष्टन करत, म्हणून वस्तूलाच प्राण्याचं नाव पडलं. (आज कुणी असली हौस करू नये. वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला वाघाच्या बरोबरीचं संरक्षण दिलेलं आहे.)

मग भिल्लाच्या बोटांना हे का लागलं नाही? एक कारण त्याच्या दोरीत आहे. भिल्लांच्या पारंपरिक धनुष्याची दोरी तातीची किंवा सुताची नसते. बांबूच्या सालीची पातळ, लवचीक पट्टी काढून तीच दोरी म्हणून ताणतात. पीळ दिलेली बारीक गोल दोरी बोटात रुतते, चपट्या पट्टीचा दाब पसरतो. मला तरी हे उघड्या बोटांचं खरं कारण वाटतं. राजपुत्राने बोटाला कातडं चढवलं, भिल्लाने दोरीच बदलली.

दुसरं कारण लोक सांगतात ते एकलव्याचं. बाण तर्जनी आणि मधल्या बोटात धरायचा, अंगठा लावायचा नाही. कारण तो एकदा गुरुदक्षिणेत गेला. महाभारताच्या आदिपर्वात निषादराज हिरण्यधनूचा हा मुलगा अंगठा कापून दिल्यावरही उरलेल्या बोटांनी बाण सोडतो, पण पूर्वीचा वेग राहत नाही. कथेचा मान ठेवूनही एक गोष्ट सांगायला हवी. युरोपातले धनुर्धरही शतकानुशतकं अंगठा न लावता बोटांनीच दोरी ओढत आले आणि त्यांना कुणी द्रोणाचार्य भेटले नव्हते. अंगठ्याने ओढायची रीत मध्य आशियातल्या घोडेस्वारांची. मोगलही तसंच ओढत आणि त्यासाठी अंगठ्यात कडी घालत. शाहजहानची अशी एक जेडची कडी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. शिंप्याच्या बोटातलं अंगुस्तान आणि बादशहाच्या अंगठ्यातली कडी यांचं काम एकच, टोचणाऱ्या किंवा कापणाऱ्या वस्तूपासून बोट वाचवणं. फरक फक्त दगडाच्या किमतीचा.

बंदूक आली तशी इजा बदलली. दोरीचा फटका गेला, त्याच्या जागी आग आली. तोडेदार बंदुकीत जळता तोडा रंजकीला लागतो, रंजकीची आग काना नावाच्या भोकातून आत शिरते आणि बार उडतो. दारू नळीच्या तोंडातून ओतायची आणि गजाने ठासायची. आधीच्या बाराचा निखारा आत धुमसत राहिला असेल तर नवी दारू हातातच पेट घेते. तोफेवर हा धोका मोठा होता. म्हणून युरोपी तोफखान्यात नळी पुसताना आणि दारू ठासताना एक गोलंदाज काना अंगठ्याने दाबून धरी. आत हवा गेली नाही तर निखाऱ्याला फुंकर मिळत नाही. कान्याचं लोखंड तापलेलं असे, म्हणून त्या एका अंगठ्याला कातडी टोपण असे. एकलव्याच्या अंगठ्याइतकी त्याची कीर्ती झाली नाही, पण पुढे उभ्या असलेल्या ठासणाऱ्याचे दोन्ही हात त्या अंगठ्यावर अवलंबून असत.

खानदेशात 1825 साली जेम्स आउट्रमने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली. नवापूरचा मुलूख तेव्हा याच खानदेशात होता. पिढ्यान्‌पिढ्या बांबूची दोरी ओढणाऱ्यांच्या हाती सरकारी बंदूक आली. त्याच शतकात बंदुका भराभर सुधारल्या. 1871 मध्ये ब्रिटिश फौजेने घेतलेली मार्टिनी-हेन्री मागून भरायची, त्यामुळे मिनिटाला कितीतरी बार निघत. पण नळी इतकी तापे की डावा हात भाजून निघे. 1879 च्या झुलू युद्धातल्या सैनिकांनी त्यावर उपाय काढला. पुढच्या लाकडावर आणि नळीवर त्यांनी गुरांचं कच्चं कातडं शिवून टाकलं. हाताला मोजा घालण्याऐवजी त्यांनी बंदुकीलाच अंगरखा चढवला. पुढे तो कारखान्यातच शिवून येऊ लागला. ली-एनफिल्डची नळी जवळजवळ टोकापर्यंत लाकडात बंद आहे. आपल्या पोलिसांच्या खांद्यावर दशकानुदशकं दिसलेली थ्री नॉट थ्री हीच.

बंदुकीला अंगरखा मिळाला आणि हात पुन्हा मोकळा झाला. थंड मुलखांत मात्र मोजा सुटला नाही. सियाचिनसारख्या ठिकाणी उघडी कातडी बंदुकीच्या धातूला चिकटते, बोटं हिमदंशाने जातात. पण जाड मोज्यातलं बोट चापाच्या कड्यात नीट शिरत नाही, आणि शिरलं तर नको तेव्हा चाप दाबतं. म्हणून दुसऱ्या महायुद्धातल्या फौजांनी चार बोटांच्या पिशवीसारख्या मोज्यात तर्जनीला वेगळं घर दिलं. अमेरिकी सैन्याने तर बंदुकीलाच हिवाळी चाप जोडला. उजव्या तर्जनीसाठी केवढी ही धावपळ!

उन्हाळ्यात चाळिशी पार करणाऱ्या नवापूरला यातलं काही लागू नाही. तरी मोज्याचा प्रश्न इथेही उरतो, तो वेगळ्या कारणाने. फेब्रुवारी 2006 मध्ये भारतातला पहिला बर्ड फ्लू नवापूरच्या पोल्ट्र्यांमध्ये सापडला. पांढऱ्या पोशाखात, तोंडाला पट्टी आणि हातात रबरी मोजे घालून कोंबड्या मारणारी, पुरणारी माणसं तेव्हा देशभर टीव्हीवर दिसली. न दिसणाऱ्या गोष्टीसाठीही मोजा घालावा लागतो हे गावाने तेव्हा पाहिलं. बंदुकीतही अशी एक न दिसणारी गोष्ट आहे, शिसं. एअर रायफलच्या छर्ऱ्यात ते असतं, पॉइंट टू टूच्या गोळीत असतं, आणि बहुतेक काडतुसांच्या टोपीतल्या स्फोटकातही असतं. प्रत्येक बाराबरोबर त्याची धूळ हातावर बसते आणि त्याच हाताने भाकर खाल्ली की पोटात जाते. बंदूक साफ करताना तर नळीतलं सगळं बोटांना लागतं. शेतराखणीच्या परवान्यावर घरात ठासणीची बंदूक असणाऱ्याने निदान साफसफाईला रबरी मोजे घालावेत. दवाखान्यात असतात तसले पातळ चालतात.

आता खेळाकडे येऊ, कारण मोज्याचा आजचा सर्वात काटेकोर कायदा तिथेच आहे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात 451.4 गुणांनी कांस्यपदक जिंकला. 1952 च्या खाशाबा जाधवांनंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला मिळालेलं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. या प्रकारातल्या नेमबाजांचे फोटो नीट पाहा. उजव्या हाताने नेम धरणाऱ्याच्या डाव्या हातात जाड, गादी भरलेला मोजा असतो. गुडघ्यावर बसून आणि पोटावर झोपून नेम धरताना रायफलचा पट्टा डाव्या दंडाभोवती ताणलेला असतो आणि रायफल हाताच्या पंज्यात रुतते. दाबाखालच्या पंज्यातली नाडी रायफलला प्रत्येक ठोक्यागणिक हलवते. मोजा ते वजनही पसरवतो आणि तो ठोकाही गिळतो. गादी वाढवत नेली तर मोजाच नेम धरायला लागेल. म्हणून आंतरराष्ट्रीय महासंघाने मर्यादा घातली आहे: पुढचा आणि मागचा थर मिळून जाडी 12 मिलिमीटरच्या वर नको, मनगटाच्या हाडापुढे 50 मिलिमीटरहून जास्त लांबी नको, आणि मनगटावर आवळायचा पट्टा तर नकोच. स्पर्धेआधी उपकरणांच्या तपासणीत हे मोजून घेतात.

पिस्तूलवाल्यांना तर एवढंही नाही. एका हाताने पिस्तूल धरायचं आणि मनगटाला कसलाही आधार नको. त्या हातात घड्याळ किंवा कडंसुद्धा चालत नाही. 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकणारी कोल्हापूरची राही सरनोबत अशाच मोकळ्या हाताने नेम धरते. तिकडे धनुर्विद्येत उलटी गंगा वाहिली आहे. 2023 मध्ये बर्लिनला कंपाउंड प्रकारात जागतिक विजेते ठरलेले साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे दोरीला बोटही लावत नाहीत. हातातला यांत्रिक चिमटा दोरी धरतो आणि कळ दाबली की सोडतो. म्हणजे धनुष्याला चाप आला.

या साऱ्या कुळकथेत मोजा जिथे टिकला तिथे तो बहुतेक वजन, उष्णता किंवा फटका सोसणाऱ्या हातावर टिकला. चापावरच्या बोटाला थंडीखेरीज फारसा कुणी तो घालू दिला नाही, आणि ते बरोबरच आहे. चापाचा पहिला टप्पा कुठे संपतो हे कातडीलाच कळतं.

तेव्हा कुणी पहिल्यांदा रेंजवर निघालं असेल तर डाव्या हातात नेमबाजीचा किंवा साधा चामडी मोजा घालावा, उजवी तर्जनी उघडी ठेवावी आणि घरी जेवायच्या आधी साबणाने हात धुवावेत. मोजा मिळालाच नाही तर अडणार नाही. कानात बोळे आणि डोळ्यांवर चष्मा नसताना मात्र एकही बार काढू नका.