पॅरिसमधील ऐतिहासिक कॅबरे

पॅरिसमधील कॅबरे ही फ्रान्सच्या राजधानीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विकसित झालेली रंजनपरंपरा आहे. प्रेक्षक टेबलाशी बसून खातपीत असताना त्यांच्यासमोर गायन, काव्यवाचन, नृत्य, विनोद किंवा कसरती सादर करणे, हे तिचे मूळ स्वरूप होय. मूलाँ रूज, लापँ आजील, पारादी लातँ आणि क्रेझी हॉर्स ही तिची आजही चालू असलेली प्रमुख स्थळे आहेत. या सर्वांना 'कॅबरे' हे एकच नाव लावले जात असले, तरी त्यांचा उगम, कार्यक्रम आणि प्रेक्षकवर्ग एकमेकांपासून भिन्न आहेत.

संज्ञा आणि प्रकार

फ्रेंच भाषेत 'कॅबरे' या शब्दाचा जुना अर्थ मद्यालय असा आहे. हिंदी चित्रपटांमुळे भारतात तो प्रामुख्याने क्लबातील स्त्रीनृत्यासाठी रूढ झाला. फ्रेंच परंपरेत मात्र कवी, गायक आणि चित्रकार यांचा वाटा नर्तिकांइतकाच मोठा आहे. पॅरिसमधील स्थळांचे स्थूलमानाने तीन प्रकार करता येतात : गीत व काव्यप्रधान छोटी कॅबरे, नाट्यगृहासारखी आसनव्यवस्था असलेली म्युझिक हॉल, आणि भोजनासह भव्य 'रेव्ह्यू' सादर करणारी कॅबरे. अनेक नृत्ये, गाणी आणि कसरती यांच्या सलग मालिकेला रेव्ह्यू असे म्हणतात. तिला नाटकासारखे अखंड कथानक असतेच असे नाही.

इतिहास

आधुनिक कॅबरेचा आरंभ रोदोल्फ सालिस यांनी १८८१ मध्ये मोंमार्त्र भागात सुरू केलेल्या 'शा न्वार' (काळी मांजर) या स्थळापासून मानला जातो. तेथे कवी व संगीतकार आपल्या रचना सादर करीत. चित्रकार आंरी रिव्हिएर यांचे छायानाट्य हे तेथील मोठे आकर्षण होते, तर संगीतकार एरिक साती तेथे पियानो वाजवीत. १८८५ मध्ये शा न्वार दुसऱ्या जागेत गेले. रिकाम्या झालेल्या जुन्या जागेत आरिस्तीद ब्रुआं यांनी 'मिर्लितों' सुरू केले. गरिबांच्या जीवनावरील गाणी म्हणणारे ब्रुआं श्रीमंत ग्राहकांना तोंडावर शिवीगाळ करीत, आणि ती ऐकण्यासाठीच लोक तेथे गर्दी करीत. सालिस यांच्या मृत्यूनंतर १८९७ मध्ये शा न्वार बंद पडले.

प्रमुख स्थळे

लापँ आजील : मोंमार्त्र टेकडीवरील हे लहानसे घर गीतप्रधान कॅबरेचे जिवंत उदाहरण आहे. चित्रकार आंद्रे जिल यांनी तव्यातून उडी मारणाऱ्या सशाची पाटी रंगवली होती. 'जिलचा ससा' या अर्थाच्या फ्रेंच शब्दांवर श्लेष होऊन 'चपळ ससा' हे नाव पडले. इमारत पाडली जाण्याचा धोका निर्माण झाला, तेव्हा ब्रुआं यांनी ती विकत घेऊन वाचवली. पाब्लो पिकासो यांनी १९०५ मध्ये या स्थळाचे चित्र काढले. १९१० मध्ये लेखक रोलां दोर्जेलेस आणि त्यांच्या मित्रांनी येथील गाढवाच्या शेपटीला कुंचला बांधून एक चित्र तयार करवले आणि ते 'बोरोनाली' या कल्पित चित्रकाराच्या नावाने प्रदर्शनात मांडले.

मूलाँ रूज : 'लाल पवनचक्की' या अर्थाचे हे स्थळ जोसेफ ओलेर आणि शार्ल झिदलेर यांनी ६ ऑक्टोबर १८८९ रोजी सुरू केले. येथील पवनचक्की केवळ शोभेची आहे. कॅन-कॅन हे नृत्य त्याआधीच सार्वजनिक नृत्यगृहांत प्रचलित होते, परंतु ला गुल्यू आणि जेन अव्रिल यांच्यासारख्या नर्तिकांमुळे ते या स्थळाची ओळख बनले. तुलूझ-लोत्रेक यांच्या १८९१ च्या भित्तिपत्रकाने ही कीर्ती चिरस्थायी केली. १९१५ च्या आगीनंतर ते १९२१ मध्ये पुन्हा उघडले. १९९९ पासून येथे 'फेरी' हा रेव्ह्यू सादर होतो. एप्रिल २०२४ मध्ये पवनचक्कीची पाती कोसळली. त्याच वर्षी जुलैमध्ये नवी बसवण्यात आली.

फोली बेर्जेर : १८६९ मध्ये उघडलेले हे स्थळ काटेकोरपणे पाहता म्युझिक हॉल आहे. एदुआर माने यांच्या १८८२ मधील प्रसिद्ध चित्रात येथील मद्यविक्रेती दिसते. १९२६ मध्ये जोसेफीन बेकर यांचे केळ्यांच्या घागऱ्यातील नृत्य येथेच गाजले.

पारादी लातँ : सेन नदीच्या डाव्या तीरावरील या वास्तूचे पुनर्निर्माण गुस्ताव्ह आयफेल यांनी केले व १८८९ मध्ये ती उघडली. पुढे ती दीर्घकाळ विस्मृतीत गेली आणि १९७७ मध्ये पुन्हा कॅबरे म्हणून सुरू झाली.

क्रेझी हॉर्स : आलें बेर्नार्दें यांनी १९५१ मध्ये स्थापन केलेल्या या लहान सभागृहात विवस्त्र किंवा अल्पवस्त्र नर्तिकांच्या देहावर प्रकाशाच्या आकृती पाडल्या जातात.

कार्यक्रमांची तुलना

पिसांचा साज, भव्य नेपथ्य आणि कॅन-कॅन यांसाठी मूलाँ रूज प्रसिद्ध आहे. मात्र मोठे सभागृह आणि पर्यटकांची गर्दी यांमुळे तेथे जवळीक कमी जाणवते. पारादी लातँ येथेही रेव्ह्यू व भोजन असते, शिवाय आयफेलकालीन वास्तू पाहता येते. क्रेझी हॉर्समध्ये कसरतींपेक्षा प्रकाशयोजना व देहरचना यांवर भर असल्याने ते कुटुंबासह जाण्याचे ठिकाण मानले जात नाही. मूलाँ रूजमध्येही काही नृत्यांत वक्षस्थळ अनावृत असते. लापँ आजील येथे भोजन नसते; प्रेक्षक गायकांभोवती बसतात आणि जुनी फ्रेंच गाणी ध्वनिवर्धकाशिवाय ऐकतात. गीतांच्या आशयाला तेथे महत्त्व असल्याने फ्रेंच जाणणाऱ्यास तेथील कार्यक्रम अधिक भावतो. रेव्ह्यू पाहण्यास भाषेचा अडसर सहसा येत नाही. मोठ्या कॅबरेंत भोजनाविना केवळ कार्यक्रमाचे, तुलनेने स्वस्त तिकीटही मिळते.

टीका आणि सद्यस्थिती

स्त्रीदेहाचे प्रदर्शन आणि नर्तिकांच्या निवडीतील उंची व बांध्याच्या अटी यांवर टीका होत आली आहे. बेकर यांच्या भूमिकांत वसाहतवादी नजरेचे प्रतिबिंब असल्याचे अभ्यासक नोंदवतात. तथापि त्यांनी त्याच प्रसिद्धीचा उपयोग दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच प्रतिकार चळवळीसाठी आणि पुढे वंशभेदाविरुद्ध केला. २०२१ मध्ये त्यांना पांतेओंमध्ये स्थान देऊन राष्ट्रीय सन्मान करण्यात आला.

भव्य रेव्ह्यू हा खर्चिक प्रकार आहे. शाँज-एलिजे मार्गावर १९४६ पासून चालू असलेल्या 'लिदो'ने २०२२ मध्ये आपला रेव्ह्यू बंद करून संगीतिकांकडे मोर्चा वळवला. त्यात बहुसंख्य कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या आणि 'ब्लूबेल गर्ल्स' या नर्तिकांच्या पथकाची तेथील परंपरा संपुष्टात आली. त्यामुळे कायमस्वरूपी नृत्यपथकासह रेव्ह्यू सादर करणारी पॅरिसमधील स्थळे आता मोजकीच उरली आहेत.