झोपताना तोंडाला टेप लावावी का?

तोंडावर टेप लावून झोपले की घोरणे थांबते, असे व्हिडिओ सध्या मोबाइलवर फिरतात. नाकाने श्वास घेणे चांगले, कारण नाकात हवा गाळली जाते, उबदार आणि दमट होते. पण झोपेत तोंड उघडे राहण्यामागे बहुधा चोंदलेले नाक असते. ॲलर्जी, नाकातील वाकडा पडदा, मुलांमध्ये वाढलेले ॲडेनॉइड ही नेहमीची कारणे. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात ऊस गाळपाच्या दिवसांत थंडी आणि धुळीनेही नाक बंद होते. टेपने कारण जात नाही, श्वासाची दुसरी वाट मात्र बंद होते.

'प्लॉस वन' नियतकालिकात २०२५ मध्ये १० अभ्यासांचा आढावा आला. त्यात फायद्याचा पुरावा अपुरा आढळला. नाक बंद असल्यास गुदमरण्याचा धोकाही नोंदवला गेला.

टेप कोणी लावू नये?
• नाक चोंदलेले असणाऱ्यांनी
• दारू किंवा झोपेची गोळी घेतलेल्यांनी
• मळमळ, उलटी होत असणाऱ्यांनी
• लहान मुलांना तर कधीच लावू नये

डॉक्टरांकडे कधी जावे?
मोठ्याने घोरता घोरता श्वास थांबतो, असे घरच्यांना दिसले, गुदमरून जाग आली किंवा दिवसा डुलक्या येत असतील तर स्लीप ॲप्नियाची शंका घ्यावी. त्याने रक्तदाब वाढतो. ट्रॅक्टर, ट्रक चालवणाऱ्यांना अपघाताचा धोका असतो. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून नाक तपासा आणि गरजेनुसार स्लीप स्टडी करून घ्या. तोवर कुशीवर झोपा आणि रात्री दारू टाळा.